दिग्रसची वेलांटी आणि आलेखाचे शीर्षक

समजा, यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रसच्या एखाद्या शाळेत नववीच्या मुलीने आपल्या जिल्ह्यातील तालुक्यांचा आलेख संगणकावर काढला. आकडे बरोबर आहेत, स्तंभांच्या उंची बरोबर आहेत, अक्षांवरची मोजमापेही नीट आहेत. कागद छापून हातात आला आणि तिने वर पाहिले, तर तिच्याच गावाचे नाव चुकलेले! ‘द’ची वेलांटी ‘द’ला सोडून पुढच्या ‘ग’ला चिकटली आहे. ‘ग्र’ हे जोडाक्षर फुटले आहे; ‘ग’चा पाय मोडलेला आहे आणि ‘र’ वेगळा उभा आहे. मोठ्याने वाचले तर ‘दगिरस’ असे काहीतरी होते. तिने टंकलेखन पुन्हा तपासले. त्यात एकही चूक नाही. अखेर तिने शीर्षक रोमन अक्षरांत लिहिले आणि आलेख प्रदर्शनात लावला.

या सगळ्यातून ती दोन गोष्टी शिकली. एक, आलेख कसा काढायचा. दुसरी, आपली लिपी संगणकाला जमत नाही. पहिली गोष्ट खरी आहे, दुसरी साफ चुकीची आहे. पण चुकीची गोष्टही स्वतःच्या डोळ्यांनी पाहून शिकलेली असली की ती पुसणे अवघड जाते. म्हणून ही चूक नेमकी कुठे होते, ती कशी टाळायची आणि त्या निमित्ताने आलेखाच्या शीर्षकातील ठळक, तिरपी, रंगीत किंवा वर चढवलेली अक्षरे संगणक कशी घडवतो, हे आपण या लेखात पाहू या.

शीर्षकाचे काम

आधी शीर्षक कशासाठी असते ते स्पष्ट करून घेऊ. उदाहरण यवतमाळचेच घेऊ. २०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ आणि क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर होते. भागाकार केला की दर चौरस किलोमीटरला सुमारे २०४ व्यक्ती ही घनता मिळते. त्याच जनगणनेत महाराष्ट्राची घनता ३६५ आणि भारताची ३८२ होती. या तीन आकड्यांचे तीन स्तंभ काढले की आलेख तयार झाला.

आता या आलेखावर ‘लोकसंख्या’ एवढेच शीर्षक दिले तर ते चूकच ठरेल, कारण स्तंभ लोकसंख्येचे नाहीत, घनतेचे आहेत. ‘लोकसंख्येची घनता’ हे शीर्षक बरोबर आहे, पण अपुरे आहे. कुठली, कधीची आणि कोणत्या एककात, हे त्यातून कळत नाही. चांगल्या शीर्षकात काय, कुठे, केव्हा आणि कोणत्या एककात या चारही प्रश्नांची उत्तरे असावी लागतात. एवढा मजकूर एकाच आकाराच्या अक्षरांत लिहिला तर वाचणाऱ्याची नजर त्यावर ठरत नाही. म्हणून मुख्य विधान ठळक अक्षरांत पहिल्या ओळीत येते. वर्ष आणि एकक दुसऱ्या ओळीत, लहान अक्षरांत येतात. याचा अर्थ असा, की ठळक अक्षरे सजावटीसाठी नसतात. प्रथम काय वाचायचे हे ती सांगतात.

याच कारणाने त्यांच्यामुळे दिशाभूलही होऊ शकते. याच तीन स्तंभांवर ‘यवतमाळ जिल्ह्यात माणसे फक्त २०४’ असे लिहून ‘फक्त’ हा शब्द ठळक केला, तर आकडा तोच राहील, पण वाचणाऱ्याला जिल्हा ओसाड पडल्यासारखा वाटेल. वस्तुतः २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या २४,५८,२७१ होती, म्हणजे तेव्हाची घनता १८१ होती. दहा वर्षांत ती वाढलीच आहे. शिवाय राज्याच्या सरासरीत मुंबई, ठाणे, पुणे यांसारखे दाट वस्तीचे भाग मिसळलेले आहेत, हेही वाचणाऱ्याने लक्षात घ्यायला हवे. कोणता शब्द ठळक करायचा हा निर्णय आकड्यांइतकाच जबाबदारीचा आहे आणि तो संगणक घेत नाही.

संगणकाला ‘ठळक’ कसे सांगायचे?

लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांचे वाचनालय नव्हे. एखादे काम वारंवार करावे लागते, तेव्हा त्या कामाच्या आज्ञावली कोणीतरी एकदाच नीट लिहून ठेवतो आणि बाकीचे त्या वापरतात. अशा तयार आज्ञावलींच्या संचाला प्रोग्रॅमिंगमध्ये लायब्ररी म्हणतात. पायथन या संगणकभाषेत आलेख काढण्यासाठी मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी फार वापरली जाते. जॉन हंटर या अमेरिकन संशोधकाने अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत-संदेशांचे आलेख काढता यावेत म्हणून ती लिहायला घेतली आणि २००३ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. प्लॉटली ही दुसरी लायब्ररी. तिचा आलेख इंटरनेट पाहण्याच्या ब्राउझरमध्ये उमटतो.

अशा लायब्ररीला आपण शीर्षक देतो ते अक्षरांच्या एका माळेच्या रूपात. माळेत फक्त अक्षरे असतात. ठळकपणा, रंग किंवा तिरपेपणा नसतो. मग यातला हा शब्द ठळक हवा, हे सांगायचे कसे?

छापखान्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना याचे उत्तर माहीत आहे. हस्तलिखित छापायला देताना आपण एखाद्या शब्दाखाली नागमोडी रेघ मारत असू. ती रेघ छापायची नसे. हा शब्द जाड खिळ्यांत जुळवा, असा तो जुळाऱ्याला दिलेला निरोप असे. साधी सरळ रेघ म्हणजे तिरपा टाइप. मजकूर आणि मजकुराविषयीची सूचना एकाच कागदावर असत आणि दोन्हींतला फरक जुळारी ओळखत असे. संगणकही नेमके हेच करतो. मात्र त्याच्या माळेत रेघ मारायला जागा नसल्याने सूचना अक्षरांच्याच रांगेत, खास खुणांनी लिहावी लागते.

खुणांच्या तीन रीती

पहिली रीत सर्वांत सोपी, तिच्यात खूण लागतच नाही. शीर्षक द्यायच्या आज्ञेतच अक्षरांचा आकार, जाडी, रंग आणि शीर्षक डावीकडे, मध्ये की उजवीकडे हे सांगता येते. मॅटप्लॉटलिबमध्ये ही सोय आहे. मर्यादा एवढीच, की जे सांगाल ते सगळ्या शीर्षकाला लागू होते. अर्धे शीर्षक ठळक आणि अर्धे साधे हवे असेल, तर दोन वेगळे मजकूर शेजारी-शेजारी ठेवावे लागतात. त्यासाठी पहिल्याची रुंदी मोजून तो संपतो तिथे दुसरा सुरू करायचा. हे काम करता येते, पण किचकट आहे.

दुसरी रीत गणिताची. डॉनल्ड नूथ या संगणकशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये गणिताची पुस्तके सुबक छापण्यासाठी ‘टेक’ ही प्रणाली तयार केली. त्यात डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये लिहिलेला मजकूर सूत्र म्हणून वाचला जातो आणि टोपीसारख्या एका चिन्हानंतरचा आकडा घातांक म्हणून वर चढवला जातो. मॅटप्लॉटलिबने ही रीत उचलली आहे. ‘किमी’ लिहून पुढे डॉलर, टोपी, दोनाचा आकडा आणि पुन्हा डॉलर लिहिले, की दोन वर चढतो. सूत्रांसाठी ही रीत उत्तम आहे. मराठी शब्द ठळक करण्यासाठी मात्र ती वापरू नये. डॉलरच्या आतील मजकुरात दोन शब्दांमधली मोकळी जागा गणिताच्या रिवाजानुसार गाळली जाते आणि अक्षरे गणिताच्या फॉन्टमधून घेतली जातात. त्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते.

या रीतीत आणखी एक खड्डा आहे. यवतमाळच्या विद्यार्थ्याने कापसाच्या जागतिक भावाचा आलेख काढला आणि शीर्षकात दोन ठिकाणी डॉलरचे चिन्ह घातले, तर त्या दोहोंमधला मजकूर लायब्ररी सूत्र समजून वाचते आणि शीर्षक विस्कटते. अशा वेळी चिन्हाच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. ‘हे चिन्ह खूण नव्हे, साधे अक्षर आहे’ असा तिचा अर्थ.

तिसरी रीत कोनी कंसांची. इंटरनेटवरील पाने ज्या एचटीएमएल पद्धतीने लिहिली जातात तिच्यातल्या मोजक्या खुणा प्लॉटलीच्या शीर्षकात चालतात. ठळकासाठी रोमन ‘बी’, तिरप्यासाठी ‘आय’, नव्या ओळीसाठी ‘बीआर’, वर चढवण्यासाठी ‘एसयूपी’ आणि खाली उतरवण्यासाठी ‘एसयूबी’. खूण कोनी कंसात लिहायची आणि जिथे परिणाम थांबवायचा तिथे तीच खूण आधी तिरपी रेघ देऊन पुन्हा लिहायची. रोमन अक्षरांच्या जागी त्यांचे उच्चार लिहिले, तर आपले शीर्षक असे दिसेल :

<बी>यवतमाळ जिल्ह्यातील लोकसंख्येची घनता</बी><बीआर>व्यक्ती प्रति किमी<एसयूपी>२</एसयूपी>, जनगणना २०११

लायब्ररी ही माळ डावीकडून उजवीकडे वाचते. कोनी कंस आला की ‘ही सूचना’ असे समजून बाजूला ठेवते आणि कंस मिटला की पुढच्या मजकुराला ती लागू करते. शेवटी तिच्या हाती तुकडे उरतात : एक ठळक तुकडा, मग नवी ओळ, एक साधा तुकडा, वर चढवलेला एक आकडा आणि पुन्हा एक साधा तुकडा. नागमोडी रेघ पाहून जुळाऱ्याने जाड टाइपाच्या खणाकडे हात न्यावा, तसेच हे काम.

वरच्या उदाहरणातील घातांकात मराठी आकड्याची एक गंमत आहे. संगणकावरील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या जागतिक प्रमाणात आंतरराष्ट्रीय दोनाच्या आकड्याचे वर चढवलेले रूप स्वतंत्र चिन्ह म्हणून आहे. देवनागरी दोनाचे तसे घातांकाचे चिन्ह नाही. अक्षराच्या डोक्यावर बसणारे देवनागरी आकडे युनिकोडमध्ये आहेत, पण ते सामवेदाच्या स्वरांच्या खुणा म्हणून, गणितासाठी नव्हेत. म्हणून मराठी आकड्याचा घातांक खुणेनेच वर चढवावा लागतो. खूण चालत नसेल तर ‘किमी२’ असे सपाट लिहू नये; वाचणारा ते ‘दोन किलोमीटर’ असे वाचेल. सरळ ‘चौ. किमी’ लिहावे. आपल्या भाषेत शब्द असताना खुणेवाचून अडू नये.

वेलांटी का घसरते?

आता दिग्रसकडे वळू. युनिकोडमध्ये देवनागरीची अक्षरे ज्या क्रमाने साठवली जातात तो क्रम उच्चाराचा आहे. ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीच्या १९८८ च्या रूपावरून तो घेतलेला आहे. ‘दि’ म्हणताना आपण आधी ‘द’ उच्चारतो आणि मग ‘इ’. म्हणून माळेत आधी ‘द’ येतो, मग पहिली वेलांटी. ‘ग्र’मध्ये आधी ‘ग’, मग पाय मोडण्याची खूण, मग ‘र’. ‘दिग्रस’ या शब्दात अशी सहा चिन्हे आहेत : द, पहिली वेलांटी, ग, पाय मोडण्याची खूण, र आणि स.

डोळ्यांना मात्र वेलांटी ‘द’च्या आधी दिसायला हवी, आणि ‘ग’, पाय मोडण्याची खूण व ‘र’ या तिघांचे मिळून एकच चिन्ह व्हायला हवे. साठवण्याचा क्रम एक आणि दिसण्याचा दुसरा. या दोहोंमध्ये कोणीतरी काम करायला हवे. हाताने खिळे जुळवण्याच्या काळात ते जुळारी करत असे. पहिल्या वेलांटीचा खिळा तो अक्षराच्या आधी बसवी आणि जोडाक्षराचा खिळा वेगळ्या खणातून उचली. संगणकात हेच काम करणाऱ्या आज्ञावलीला आपण ‘जुळणी-यंत्रणा’ म्हणू. हार्फबझ ही त्यातली आज सर्वांत प्रचलित यंत्रणा. फायरफॉक्स आणि क्रोम हे ब्राउझर, अँड्रॉइडचे फोन आणि लिबरऑफिस यांत मराठी नीट दिसते ते तिच्यामुळे. कोणती चिन्हे एकत्र आली की कोणते जोडाक्षर काढायचे, रफार कुठे बसवायचा, याचे नियम फॉन्टमध्येच लिहिलेले असतात. जुळणी-यंत्रणा ते नियम वाचून अंमलात आणते.

मॅटप्लॉटलिबने बराच काळ हा टप्पा घेतलाच नव्हता. फ्रीटाइप या साधनाकडून एकेका चिन्हाचे चित्र काढून घ्यायचे आणि ती चित्रे साठवलेल्या क्रमाने शेजारी-शेजारी मांडायची, एवढेच ती करी. रोमन लिपीला ते पुरते. देवनागरीत त्यामुळे ‘द’, मग त्याच्या उजवीकडे वेलांटी, मग ‘ग’ अशी रांग लागते आणि वेलांटी ‘ग’ची होऊन बसते. टंकणारीची चूक नाही, फॉन्टचीही नाही. मधला जुळारी कामावरच नाही, एवढेच झाले आहे.

ही चूक आणखी एका चुकीपासून वेगळी ओळखता आली पाहिजे. कधीकधी अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन येतात. त्याचा अर्थ निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. मॅटप्लॉटलिबचा नेहमीचा फॉन्ट असाच आहे. तिथे देवनागरी फॉन्टचे नाव दिले की चौकोन जातात. घसरलेली वेलांटी मात्र फॉन्ट बदलून जागेवर येत नाही.

सोळा तालुक्यांची कसोटी

आपली लायब्ररी जुळणी करते की नाही हे कसे ओळखायचे? शीर्षकात ‘यवतमाळ’ लिहून पाहू नका. त्यात य, व, त, म, काना, ळ अशी सहाच चिन्हे आहेत आणि ती साठवली आहेत त्याच क्रमाने दिसायची आहेत. जुळारी नसला तरी हा शब्द बरोबर उमटतो. वणी, नेर, राळेगाव, केळापूर, मारेगाव, महागाव, उमरखेड, झरी-जामणी ही नावेही तशीच. पुसद आणि बाभुळगाव यांचे उकार, कळंब आणि घाटंजी यांचे अनुस्वार थोडे इकडे-तिकडे झाले तरी वाचता येतात.

जिल्ह्यातल्या सोळा तालुक्यांपैकी तीन नावे मात्र परीक्षा घेतात, आणि योगायोग असा की हे तिन्ही तालुके शेजारचे आहेत : दिग्रस, दारव्हा आणि आर्णी. ‘दिग्रस’मध्ये पहिली वेलांटी आणि ‘ग्र’ हे जोडाक्षर आहे. ‘दारव्हा’त ‘व्ह’ आहे. जुळणी झाली नाही तर पाय मोडलेला ‘व’ आणि पूर्ण ‘ह’ वेगवेगळे दिसतात. ‘आर्णी’त रफार आहे. इथे ‘र’ साठवला जातो ‘ण’च्या आधी, पण दिसायला हवा ‘णी’च्या डोक्यावर. ही तीन नावे एका ओळीत लिहून शीर्षक म्हणून द्यावीत. तिन्ही बरोबर उमटली तर लायब्ररीवर मराठीपुरता बराचसा भरवसा ठेवता येईल.

तेरा नावे बरोबर आणि तीन चूक, हे प्रमाण फसवे आहे. यवतमाळच्या शाळेत तयार केलेला नमुना छान दिसतो, तो पाहून सगळ्या तालुक्यांना तीच आज्ञावली पाठवली जाते, आणि चूक फक्त दिग्रस, दारव्हा, आर्णीच्या मुलांच्या वाट्याला येते. खरे तर यवतमाळच्या नमुन्यातही एक शब्द घातला असता तर ती लगेच उघडी पडली असती. तो शब्द म्हणजे ‘जिल्हा’. त्यात वेलांटीही आहे आणि ‘ल्ह’ही.

कसोटीत लायब्ररी नापास झाली तर काय करावे? पहिला उपाय, तिची नवी आवृत्ती घेऊन कसोटी पुन्हा लावावी. दुसरा, प्लॉटलीसारखी, ब्राउझरकडून अक्षरे काढून घेणारी लायब्ररी वापरावी. तिसरा उपाय शाळेत सर्वांत सोयीचा : आलेख शीर्षकाशिवाय काढावा, चित्र म्हणून साठवावा आणि शीर्षक लिबरऑफिससारख्या लेखनसाधनात वर लिहावे. तिथे ठळक, रंगीत, वर चढवलेले असे सगळे प्रकार कोणत्याही खुणेशिवाय, शब्द निवडून करता येतात. तालुक्यांची नावे अक्षावरही येत असतील तर ती मात्र तिथे हाताने घालावी लागतील. रोमन लिपीकडे पळणे हा उपाय नव्हे.

खुणा आणि जोडाक्षरे

जुळणी होत असली तरी एक काळजी घ्यावीच लागते. शैलीच्या खुणांनी शीर्षकाचे तुकडे पडतात हे आपण पाहिले. जुळणी-यंत्रणेला एकेक तुकडा वेगळा मिळू शकतो. हौसेखातर ‘दिग्रस’मधला ‘दि’ रंगीत केला तर बिघडत नाही. वेलांटी आणि ‘द’ एकाच तुकड्यात आहेत. पण ‘ग’ आणि पाय मोडण्याची खूण एका रंगात व ‘र’ दुसऱ्या रंगात केला, तर ‘ग्र’ होण्याची खात्री उरत नाही. अर्धे जोडाक्षर एका रंगात आणि अर्धे दुसऱ्यात जुळवायचे, तर जुळाऱ्यानेही हात जोडले असते. नियम सोपा आहे : शैलीची खूण शब्दाच्या सीमेवर द्यावी, अगदीच गरज पडली तर पूर्ण अक्षराच्या सीमेवर. अक्षराच्या पोटात कधीही देऊ नये.

ठळकपणाचे आणखी एक गुपित आहे. ठळक अक्षर म्हणजे साधेच अक्षर फुगवून काढलेले नव्हे. चांगल्या फॉन्टच्या ठळक रूपाची वळणे वेगळी आखलेली असतात आणि त्याची फाइलही बहुधा वेगळी असते. ती संगणकावर नसेल तर मॅटप्लॉटलिब गुपचूप साधेच रूप वापरते, आणि ‘मी ठळक सांगितले तरी होत नाही’ अशी तक्रार ऐकू येते. ब्राउझर अशा वेळी साधी अक्षरे स्वतःच जाड करून दाखवतो; काम भागते, पण बारीक अक्षरांतल्या पोकळ्या बुजतात.

तिरप्या अक्षरांचे तसेच. सजीवांची शास्त्रीय नावे तिरप्या अक्षरांत छापण्याचा रिवाज आहे. कापसाच्या देशी जातीचे ‘गॉसिपियम आर्बोरियम’ आणि अमेरिकन जातीचे ‘गॉसिपियम हिर्सुटम’ ही नावे शीर्षकात आली तर ती तिरपी करावीत. पण देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांना खास आखलेले तिरपे रूप नसते. त्यामुळे मराठीत इतरत्र जोर द्यायचा असेल तर तिरप्यापेक्षा ठळक अक्षर किंवा अवतरणचिन्ह बरे.

रंग वापरताना एक चांगली युक्ती करता येते. ‘यवतमाळ’चा स्तंभ गडद निळा आणि ‘महाराष्ट्र’चा करडा असेल, तर शीर्षकातील त्या दोन शब्दांनाही तेच रंग द्यावेत. मग बाजूला वेगळी सूची लागत नाही. शीर्षकच सूचीचे काम करते. पण शाळेतल्या बहुतेक प्रती काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सच्या असतात, आणि लाल-हिरव्यातला फरक न जाणवणारी मुलेही वर्गात असू शकतात. म्हणून रंगाने जे सांगितले ते शब्दांनीही कळते ना, हे पाहावे. शीर्षकाची एक प्रत काळ्या शाईत काढून वाचावी. अर्थ तसाच राहिला तर रंग योग्य ठिकाणी आहेत.

संगणकाशिवाय करण्याचा खेळ

हा सारा विषय संगणक नसलेल्या वर्गातही शिकवता येतो. जाड कागदाची सहा कार्डे करा आणि त्यांवर द, पहिली वेलांटी, ग, पाय मोडण्याची खूण, र, स लिहा. सहा मुलांना ती देऊन उच्चाराच्या क्रमाने उभे करा. ही संगणकाच्या स्मृतीतली माळ. वर्गाला ती जशीच्या तशी फळ्यावर उतरवायला सांगा. दिग्रसचे जे होते ते मुलांना स्वतःच्या हाताने झालेले दिसेल.

आता सातव्या मुलाला जुळारी करा. तो वेलांटीला ‘द’च्या पुढून काढून मागे नेईल. ग, पाय मोडण्याची खूण आणि र या तिघांना एकत्र आणून त्यांच्या हाती ‘ग्र’चे एकच कार्ड देईल. सहा कार्डांची चार झाली आणि शब्द बरोबर वाचता आला. मग ‘आर्णी’ करून पाहा. तिथे र आणि पाय मोडण्याची खूण यांच्या बदल्यात रफाराचे कार्ड द्यायचे आणि ते घेणाऱ्या मुलाला ‘णी’च्या मागे, बाकावर उभे करायचे. मुलांना ते नक्की आवडते. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी ‘जिल्ह्यात’ हा शब्द घ्यावा. त्यात नऊ चिन्हे आहेत, आणि ‘ल्ह्या’ जुळवताना जुळाऱ्याचा कस लागतो.

खेळाच्या शेवटी आणखी दोन कार्डे आणा : ‘इथून ठळक’ आणि ‘इथे ठळक संपले’. ती रांगेत कुठे उभी राहू शकतात आणि कुठे नाही, हे मुलांनाच ठरवू द्या. ‘ग’ आणि ‘र’ यांच्या मध्ये कोणी उभे राहिले की जुळारी अडेल, आणि नियम कोणी न सांगता सापडेल.

एवढे झाल्यावर सुरुवातीला पाहिलेल्या मुलीसारखा एखादा विद्यार्थी चुकलेले शीर्षक घेऊन आपल्याकडे आला, तर ‘रोमनमध्ये लिही’ असे सांगू नये, असे आम्हाला वाटते. ‘तुझ्या लायब्ररीत जुळारी आहे का ते पाहा’ असे सांगावे. दिग्रसची वेलांटी ‘द’च्या मागे नीट बसवून आणलेला आलेख त्याने पुन्हा दाखवला, की तो आधी वर्गाच्या भिंतीवर आणि मग प्रदर्शनात लावावा.